बिघाड एका स्टेशनात, मग अर्धी लाइन बंद का?

२३ जानेवारी २०१४ ला लंडनच्या भुयारी मेट्रोच्या व्हिक्टोरिया स्टेशनातल्या सिग्नलच्या खोलीत ओलं काँक्रीट शिरलं. स्टेशन वाढवण्याचं काम शेजारीच चालू होतं. तिथली पोकळी भरता भरता काँक्रीट वाट काढून आत आलं आणि यंत्रांच्या कपाटांच्या बुडाशी साचत गेलं. ते तसंच घट्ट झालं असतं तर छिन्नी-हातोड्यानं फोडावं लागलं असतं, तेही सिग्नलच्या तारा सांभाळत. तेव्हा कामगार जवळच्या दुकानांत धावले, साखरेच्या पिशव्या उचलून आणल्या आणि काँक्रीटवर ओतल्या. साखर पडली की सिमेंट लवकर घट्ट होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या सुरू झाल्या.

सगळ्यांच्या लक्षात राहिली ती साखर. माझं लक्ष मात्र त्या दिवशीच्या सूचनेवर अडकलं: व्हिक्टोरिया लाइन वॉरन स्ट्रीट ते ब्रिक्स्टन बंद. आता नकाशा बघा. ब्रिक्स्टन हे लाइनीचं दक्षिण टोक आणि वॉरन स्ट्रीट हे व्हिक्टोरियाच्या उत्तरेला तिसरं स्टेशन. मधली ऑक्सफर्ड सर्कस आणि ग्रीन पार्क ही दोन्ही स्टेशनं ठणठणीत होती. तरी तिथे गाडी नाही. सोळा स्टेशनांच्या लाइनीतली सात स्टेशनं एका खोलीपायी गेली.

खोली सिग्नलची होती, त्यामुळे तिचा पसारा एका स्टेशनापुरता नव्हता, हे एक कारण. पण बंद नेमकं वॉरन स्ट्रीटपासूनच का, याचं उत्तर रुळांत आहे. मेट्रोच्या बंदच्या जवळपास प्रत्येक सूचनेत हेच उत्तर दडलेलं असतं.

नागपूरकर म्हणतील, आपली मेट्रो तर जवळपास अख्खी डोक्यावरून जाते, भुयाराशी आपला काय संबंध? संबंध आहे. आपली मेट्रो चालवणाऱ्या महामेट्रोचीच पुण्याची लाइन शिवाजीनगरपासून स्वारगेटपर्यंत जमिनीखालून जाते. मुंबईला कामासाठी गेलेल्याला आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी लाइन आता टाळता येत नाही. आणि पोरं बाहेर असलेली घरं तर गल्लीगल्लीत आहेत. आमच्या शेजारच्या काकूंची लेक लंडनला असते. रविवारी तिची लाइन बंद असली की काकूंचा सूर ठरलेला: “अरे बाप्पा, तिकडेही मेगाब्लॉकच का? मग आपल्यात अन् त्यांच्यात फरक काय राहिला?”

फरक नाहीच, काकू. रूळ कुठलाही असो, त्याच्यावर माणूस उभा करायचा तर गाडी थांबवावीच लागते.

गाडी वळते कुठे

मेट्रोला साधारण दोन रूळमार्ग असतात, एक जाण्याचा आणि एक येण्याचा. गाडीला दोन्ही टोकांना चालकाची केबिन असते, त्यामुळे इंजिन फिरवण्याची भानगड नाही. चालक या टोकाकडून त्या टोकाकडे गेला की गाडी उलटी निघाली. पण निघून जाणार कुठे? ती अजून जाण्याच्याच रुळावर उभी आहे. तिला येण्याच्या रुळावर नेण्यासाठी दोन्ही रुळांना तिरपा जोडणारा तुकडा आणि त्याचे सांधे लागतात. त्याला क्रॉसओव्हर म्हणतात.

वर्धा रोडवर विमानतळाकडे निघालात आणि जायचं दुकान नेमकं समोरच्या बाजूला आहे. दुकान दिसतं, पाटी वाचता येते, पण दुभाजकात कट नाही. मग पुढच्या सिग्नलपर्यंत जा, यू-टर्न घ्या आणि परत या. क्रॉसओव्हर म्हणजे हा कट. तो प्रत्येक स्टेशनापाशी नसतो. भुयारात तर फारच विरळ असतो, कारण तिथे दोन्ही दिशांना बहुधा वेगवेगळे बोगदे असतात आणि त्यांना तिरपं जोडायचं तर तेवढ्या जागी एक मोठी पोकळी खणावी लागते. खणण्याचा खर्च अफाट, म्हणून आराखडा करतानाच चार-पाच स्टेशनांमागे एखादा क्रॉसओव्हर ठेवून बाकीच्यांवर फुली मारतात.

म्हणजे गाडी मध्येच कुठे फिरवता येईल, हे लाइन बांधली त्याच दिवशी ठरलं. वॉरन स्ट्रीटला गाडी फिरवायची सोय आहे. ऑक्सफर्ड सर्कस आणि ग्रीन पार्कपर्यंत गाडी नेली असती तर ती परत कुठून आणणार? बिघाड कुठेही होवो, बंदची हद्द या कटापासून त्या कटापर्यंत.

कोलकात्याचं उदाहरण याहून बोलकं आहे. देशातली पहिली मेट्रो तिथे १९८४ ला सुरू झाली. तिच्या दक्षिण टोकाच्या कवी सुभाष स्टेशनाच्या खांबांना तडे गेलेले दिसले आणि २८ जुलै २०२५ ला ते स्टेशन प्रवाशांसाठी बंद झालं. हा भाग जमिनीवरचा आहे, भुयारातला नाही, पण अडचण तीच. आदलं स्टेशन शहीद क्षुदिराम, म्हणून गाड्या तिथपर्यंत चालवायचं ठरलं. कागदावर सोपं. पण गाडी फिरवायची सोय कवी सुभाषलाच होती. मग प्रवाशांना शहीद क्षुदिरामला उतरवायचं, रिकामी गाडी तडे गेलेल्या स्टेशनाकडे न्यायची आणि तिकडून फिरवून आणायची. या हेलपाट्यात वेळ जायचा आणि पूर्ण लाइनीचं वेळापत्रक लांबायचं. काही गाड्या त्यामुळे बऱ्याच आधी, टॉलीगंजच्या महानायक उत्तमकुमार स्टेशनातूनच परत फिरवाव्या लागल्या. टोकाचं एक स्टेशन मिटलं आणि त्याचा चिमटा दूरच्या प्रवाशाला बसला.

मुंबईत २६ मे २०२५ ला पहिल्याच जोरदार पावसात भुयारी लाइनीच्या आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी घुसलं. बांधकाम चालू असलेल्या प्रवेशमार्गाची भिंत पाण्याच्या दाबाने फुटली होती. त्या स्टेशनाचं उद्घाटन होऊन महिनाही झाला नव्हता. फोटो पाहून वाटलं होतं, लाइन गेली आता पंधरा दिवस. तसं झालं नाही. आचार्य अत्रे चौक तेव्हा लाइनीचं शेवटचं स्टेशन होतं आणि गाड्या आरे ते वरळी चालू ठेवता आल्या. हेच पाणी लाइनीच्या मधोमध शिरलं असतं तर लाइनीचे दोन तुकडे झाले असते आणि कारशेड एकाच टोकाला असल्यामुळे दुसऱ्या तुकड्यात ज्या गाड्या अडकल्या असत्या तेवढ्यांवरच भागवावं लागलं असतं.

क्रॉसओव्हर महत्त्वाचा, म्हणून त्याच्या दुरुस्तीसाठीही लाइन बंद होते. व्हिक्टोरिया लाइनीच्या उत्तर टोकाला वॉल्थमस्टो सेंट्रलचा क्रॉसओव्हर १९६० च्या दशकातला. त्यावरून गाड्या हळू न्याव्या लागत. टोकाला गाडी फिरायला वेळ लागला की मागच्या गाड्या तुंबतात, म्हणजे पूर्ण लाइनीवर तासाला किती गाड्या सोडायच्या हे त्या एका तिरप्या तुकड्यावर ठरत होतं. ऑगस्ट २०१५ मध्ये तीन आठवडे सेव्हन सिस्टर्सच्या पुढची लाइन बंद ठेवून जुनं काँक्रीट फोडलं, नवे रूळ बसवले. पुढे २०१७ मध्ये त्या लाइनीवर गर्दीच्या वेळी तासाला ३६ गाड्या धावू लागल्या. दर शंभर सेकंदाला एक! तीन आठवड्यांचा वैताग उत्तर लंडनच्या लोकांनी काढला, फायदा दक्षिणेत ब्रिक्स्टनच्या माणसालाही झाला. बंदच्या बाबतीत हे नेहमीचं आहे. ज्याची गैरसोय त्याचाच फायदा, असं क्वचितच घडतं.

रात्री का नाही करत?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि तो बरोबरच आहे. उत्तर असं की रात्री करतातच. बहुतेक सगळं काम रात्रीच होतं, म्हणून आपल्याला ते दिसत नाही. दिसतं ते फक्त रात्रीत न मावणारं काम.

लंडनमध्ये शेवटची गाडी साधारण मध्यरात्रीनंतर अर्ध्या-एक तासाने जाते आणि पहाटे पाचच्या सुमाराला पहिली येते. म्हणायला चार तास. पण त्या चार तासांत काय काय बसवायचं ते पाहा.

शेवटची गाडी गेली म्हणून लगेच कुणी रुळांवर उतरत नाही. ती खरंच शेवटची होती आणि मधल्या कुठल्या बोगद्यात दुसरी उभी नाही, याची खात्री आधी नियंत्रण कक्ष करतो. मग वीज तोडतात. लंडनला वरची तार नसते. चाकांच्या दोन रुळांशिवाय आणखी दोन रूळ वीज वाहतात, आणि त्यांच्यातला फरक ६३० व्होल्टचा. वीज तोडली हे नुसतं फोनवर ऐकून चालत नाही. कामाच्या जागी वीज आहे का हे यंत्राने तपासतात आणि वीजवाहक रूळ एकमेकांना मुद्दाम जोडून ठेवतात, म्हणजे कुणी चुकून वीज सोडलीच तर ती तिथल्या तिथे उडेल, माणसाच्या अंगातून जाणार नाही. आपल्या नागपूरला आणि मुंबईच्या भुयारी लाइनीला वीज वरून येते, २५ हजार व्होल्टची. तिथे याच कारणासाठी तारेला अर्थिंगचे दांडे लावतात. हे झालं, दोन्हीकडून कळवलं गेलं, लिहून घेतलं गेलं, की मग माणसं फलाटाच्या टोकाच्या पायऱ्या उतरतात.

उतरतात आणि चालायला लागतात. काम पुढच्या स्टेशनाच्या अलीकडे असेल तर अवजारं खांद्यावर घेऊन बोगद्यातून चालत जायचं. लंडनच्या खोल बोगद्यांचा व्यास साडेतीन मीटरच्या थोडा वर, म्हणजे गाडी आत असताना बाजूला माणूस उभा राहील एवढीही जागा नाही. जड सामान हाताने नेता येत नाही, त्यासाठी बॅटरीवर चालणारी इंजिनं आहेत, कारण रुळांतली वीज तर आपणच बंद केली आणि डिझेलचा धूर बोगद्यात कोंडला तर कामगारांचं कठीण. ही सामानाची गाडी सगळ्यात आधी आत गेली पाहिजे आणि पहिल्या प्रवासी गाडीच्या बऱ्याच आधी बाहेर निघाली पाहिजे. ती वाटेत अडली की दुसऱ्या दिवशी सकाळची बातमी तयार.

काम संपल्यावर हाच क्रम उलटा. नेलेलं प्रत्येक अवजार मोजून परत आलं पाहिजे. रुळावर राहिलेला एक पाना पुरेसा असतो. माणसं मोजायची, रुळांमधलं अंतर तपासायचं, जोडण्या काढायच्या, वीज सोडायची. या सगळ्या उठाठेवीतून प्रत्यक्ष कामाला दोन-अडीच तास उरले तर चांगली रात्र म्हणायची.

या दोन-अडीच तासांतही एक काम असं चालतं की वाचून मी थक्क झालो होतो. लंडनच्या बोगद्यांत रात्री सफाई कामगारांच्या टोळ्या ब्रश आणि खरवडण्या घेऊन रुळांमधले केस काढतात. माणसांचे केस. लाखो प्रवाशांचे गळलेले केस, त्वचेची भुकटी आणि कपड्यांचे तंतू, सगळं गाडीच्या वाऱ्याबरोबर बोगद्यात जातं आणि रुळांखाली नमद्यासारखं साचतं. ही नुसती घाण नव्हे, जळण आहे. १८ नोव्हेंबर १९८७ ला किंग्ज क्रॉस स्टेशनात जळती काडी लाकडी सरकत्या जिन्याखाली पडली, तिथलं ग्रीस आणि तंतू पेटले आणि ३१ जण गेले. तेव्हापासून या सफाईची टिंगल कुणी करत नाही.

आता रात्रीत न मावणारं काम म्हणजे कोणतं? मुख्यतः काँक्रीटचं. भुयारात रूळ बहुधा खडीवर नसतात, काँक्रीटच्या पट्टीत बसवलेले असतात. ते बदलायचे तर पट्टी फोडा, मलबा बाहेर काढा, नवी ओता. आणि ओतलेलं काँक्रीट घड्याळ बघून घट्ट होत नाही. दोन तासांत फोडून दोन तासांत भरता येत नाही, म्हणून शुक्रवार रात्र ते सोमवार पहाट असा सलग तुकडा मागतात. बावन्न तास मिळाले तर वर सांगितलेली वीज-तपासणी-चालत जाणं-मोजणी ही कसरत एकदाच करावी लागते. तेच काम रात्री रात्री केलं तर ती रोज. एका शनिवार-रविवारच्या बंदमुळे कित्येक आठवड्यांच्या रात्री वाचतात, त्या अशा.

कधी कधी शनिवार-रविवारही पुरत नाही. बँक हे लंडनच्या व्यापारी भागातलं स्टेशन, तिथे नॉर्दर्न लाइनीचा फलाट गर्दीला फार अरुंद पडत होता. रुंद करायला जागा नाही. म्हणून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी शेजारून नवा बोगदाच खणला. खणण्याची वर्षं गाड्या जुन्या बोगद्यातून बिनधोक चालू होत्या. पण नवा बोगदा दोन्ही टोकांना जुन्या लाइनीला जोडायची वेळ आली तेव्हा जुना कापावाच लागला. १५ जानेवारी २०२२ पासून सतरा आठवडे केनिंग्टन ते मूरगेट बंद. का केनिंग्टन आणि का मूरगेट? केनिंग्टनला नॉर्दर्न लाइनीच्या दोन शाखा मिळतात, म्हणून दक्षिणेकडून आलेली गाडी तिथून दुसऱ्या शाखेने पुढे नेता येते, आणि उत्तरेकडून आलेली गाडी मूरगेटला परत फिरवता येते. पुन्हा तोच कट. आज तिथे गेलात तर ज्या प्रशस्त दालनातून लोक चालतात ते दालन म्हणजे जुना दक्षिणेकडचा मार्ग. रुळांचा खड्डा भरून सपाट केलेला.

बंद टाळता येतो का

येतो, पण त्यासाठी पैसे शंभर वर्षांपूर्वी खर्च केलेले असावे लागतात. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ पासून चोवीस तास चालते, कारण तिथे कितीतरी मार्गांवर दोनऐवजी चार रूळ आहेत. एक जोडी दुरुस्तीला घेतली तर गाड्या दुसऱ्या जोडीवर ढकलता येतात. तिथल्या प्रवाशाला गाडी मिळते, मात्र ती त्याच्या स्टेशनावर थांबेल की भलत्याच मार्गाने जाईल हे रात्री सांगवत नाही. अन् हेही रामराज्य नव्हे; बंद न ठेवता केलेली देखभाल वर्षानुवर्षं साचत जाते.

त्याच शहरात २०१२ च्या सँडी वादळात नदीखालचा कॅनार्सी बोगदा खाऱ्या पाण्याने भरला होता. आतल्या तारा आणि त्या ज्यात गाडल्या होत्या ते काँक्रीटचे कट्टे खराब झाले. दुरुस्तीसाठी एप्रिल २०१९ पासून पंधरा महिने बोगदा पूर्ण बंद ठेवायचं ठरलं. लोकांनी घरं बदलायला सुरुवात केली. डिसेंबर २०१८ मध्ये गव्हर्नरने तज्ज्ञांना बोगदा दाखवला आणि जानेवारी २०१९ मध्ये, तीन महिने आधी, योजनाच फिरली. कट्टे फोडून नव्या तारा आत पुरायच्या नाहीत, त्या भिंतीवर टांगायच्या. तेवढ्यावर रात्री आणि शनिवार-रविवारच्या कामात भागलं आणि एप्रिल २०२० मध्ये काम संपलंही. म्हणून “बंद अटळ आहे” हे वाक्य मी डोळे मिटून मान्य करत नाही. कुठली पद्धत निवडली त्यावर ते अवलंबून असतं, आणि पद्धत बदलायला कुणीतरी वरून खडसावून विचारावं लागतं.

उलट बाजूही सांगतो. कधी बंद न करणं शहाणपणाचं असतं. ५ डिसेंबर २०२४ ला दिल्लीच्या ब्लू लाइनवर मोतीनगर ते कीर्तीनगरच्या दरम्यान सिग्नलची केबल चोरीला गेली. गाडी पुढे कुठे आहे हे यंत्रणेला कळेना. अशा वेळी चालक डोळ्यांनी बघत, ताशी २५ किलोमीटरच्या आत गाडी नेतो. दिवसभर लाइन रखडली. लोक चिडले: चार तास बंद करा आणि जोडून टाका एकदाची केबल! पण जोडणी रात्री सेवा संपल्यावर करायचं ठरलं, कारण रखडत का होईना माणसं पोहोचत होती. त्या गर्दीला बसमध्ये घालायचं म्हटलं असतं तर?

हा हिशेब करून बघाच. मुंबईच्या भुयारी लाइनीची आठ डब्यांची गाडी सुमारे २,४०० माणसं नेते. एका बसमध्ये उभे-बसलेले मिळून साठ धरा. एका गाडीच्या बदल्यात चाळीस बस. गाडी दर सहा मिनिटांनी असेल तर दर सहा मिनिटांनी चाळीस बस, त्याच रस्त्यावर, ज्या रस्त्याची कोंडी फोडायला मेट्रो खणली. नागपूरच्या तीन डब्यांच्या गाडीत हजाराच्या आसपास माणसं मावतात. ती खचाखच भरली तर सोळा बस. ‘आपली बस’ या आपल्या शहर बससेवेचा एवढा ताफा एका वेळी बर्डीला (सीताबर्डीला) उभा करून दाखवा. म्हणून “पर्यायी बस उपलब्ध” या ओळीवर फार विसंबू नका. ती म्हातारी माणसं, सामान असलेले आणि नवखे यांच्यासाठी असते. धडधाकट माणसाने दुसरी लाइन शोधावी किंवा बंद तुकडा छोटा असेल तर सरळ पायी निघावं.

दुसरी लाइन शोधण्याचा एक भलताच फायदाही नोंदलेला आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनला कर्मचाऱ्यांचा दोन दिवसांचा संप झाला. काही स्टेशनं बंद, काही चालू. अर्थशास्त्रज्ञांनी संपाच्या आधीचा आणि नंतरचा प्रवास कार्डांच्या नोंदींवरून ताडून पाहिला. बहुतेक लोक संप मिटल्यावर जुन्या वाटेवर आले, पण सुमारे ५ टक्के लोक नव्या वाटेवरच राहिले. वर्षानुवर्षं ते लांबच्या वाटेने जात होते आणि त्यांना पत्ताच नव्हता. याला तिथला नकाशाही जबाबदार. तो दिसायला सुबक, पण अंतरं त्यात खरी नाहीत. नकाशात लांब दिसणारी दोन स्टेशनं प्रत्यक्षात शेजारी निघतात.

सूचना वाचताना

आता सूचना कशी वाचायची. स्टेशन बंद आणि लाइन बंद या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गोंधळ इथेच होतो. सरकता जिना बिघडला, गर्दी आवरेना किंवा पोलिसांनी सांगितलं तर स्टेशनाचं दार बंद होतं आणि गाडी न थांबता पुढे जाते. दिल्लीत प्रजासत्ताक दिनाच्या आसपास हे नेहमी दिसतं. अशा वेळी पुढच्या स्टेशनाला उतरून मागे चालत आलं की झालं. लंडनच्या कॅमडेन टाउनला रविवारी बाजाराची एवढी गर्दी व्हायची की कित्येक वर्षं दुपारी फक्त उतरायला परवानगी होती, चढायला नाही. लाइन बंद म्हणजे मात्र गाडीच नाही. तिथे पहिली नजर बंद तुकड्याच्या दोन टोकांवर टाका. गाड्या तिथे फिरतील, म्हणजे सगळ्यात जास्त गर्दी आणि सगळ्यात जास्त वाट पाहणं तिथेच. जमलं तर टोकाच्या एक-दोन स्टेशनं अलीकडेच उतरा.

“विलंब” लिहिलं असेल तर लाइन चालू आहे, वेळापत्रक विसरा. “काही भागात सेवा स्थगित” म्हणजे आत्ता काहीतरी घडलंय, तासाभरात सुटू शकतं. “नियोजित बंद” सुटत नाही. तिथे थांबून उपयोग नाही.

आणि एका गाडीतला दोष पूर्ण लाइनीला भोवतो तेव्हा नवल वाटू देऊ नका. जानेवारी २००३ मध्ये लंडनच्या सेंट्रल लाइनीवर चान्सरी लेनजवळ गाडीखालची मोटर सुटून पडली आणि डबे घसरले. रूळ, बोगदा सगळं लवकर ठीक झालं असतं. पण त्या लाइनीच्या सगळ्या गाड्या एकाच बनावटीच्या, म्हणजे तीच मोटर, तसेच बोल्ट. प्रत्येक गाडी तपासून दुरुस्त होईपर्यंत लाइन सुरू करता येईना. त्यात जवळपास तीन महिने गेले.

आपल्याकडे

नागपूरची मेट्रो सकाळी ६ ते रात्री १० चालते. म्हणजे देखभालीला लंडनच्या दुप्पट रात्र. शिवाय उन्नत मार्ग, खाली वर्धा रोड, रात्री क्रेन उभी करून वर काहीही चढवता येतं. भुयारात ही मोकळीक नाही, तिथे वस्तू टोकाकडूनच आत जाते. उन्हाचा ताप मात्र आपल्या वाट्याला. मे महिन्यात रूळ तापतात तसे भुयारात तापत नाहीत. (भुयारात उष्णता दुसरीकडून येते: ब्रेक आणि मोटरींची ऊब भोवतालच्या मातीत मुरत जाते. लंडनची चिकणमाती शंभर वर्षांत त्यामुळे चांगलीच गरम झाली आहे.)

जामठ्याला क्रिकेटचा सामना असला की शेवटची गाडी उशिरापर्यंत ठेवतात. पुण्यात २०२५ च्या विसर्जनाला मेट्रो रात्रभर चालली. मग रोजच का नाही, असं विचारणारे बरेच भेटतात. लंडननेही २०१६ मध्ये रात्रभराची सेवा सुरू केली, पण निवडक लाइनींवर आणि फक्त शुक्रवार-शनिवार. बाकी पाच रात्री कामगारांच्या. माझ्या मते नागपुरात रात्री ११ पर्यंत गाडी ठेवायला देखभालीची सबब चालणार नाही, आठ तासांतला एक गेला तरी सात उरतात. सबब असेल तर ती प्रवाशांची आणि खर्चाची, आणि तसं स्पष्ट सांगावं.

बंदची खरी सवय नागपूरला लागेल ती दुसऱ्या टप्प्यात. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने मंजूर केलेला हा टप्पा सुमारे ४४ किलोमीटरचा आहे आणि त्यातले मार्ग आजच्या टोकांकडून पुढे निघतात: ऑटोमोटिव्ह चौकातून कन्हानकडे, मिहानकडून बुटीबोरीच्या एमआयडीसीकडे, लोकमान्य नगरहून हिंगण्याला, प्रजापती नगरहून ट्रान्सपोर्ट नगरला. टोक म्हणजे आज गाड्या जिथे फिरतात तीच जागा. तिथे नवे रूळ जुन्यांना जोडायचे, सिग्नलची नवी यंत्रणा जुनीशी बोलती करायची आणि तपासायची, हे सगळं फिरत्या गाड्यांच्या मध्येच करावं लागणार. रेल्वेच्या नॉन-इंटरलॉकिंगच्या (सिग्नल आणि सांध्यांची एकमेकांशी असलेली जोडणी तात्पुरती सोडवून केलेल्या) कामात वर्ध्याकडच्या गाड्या रद्द होताना आपण पाहिल्याच आहेत; काम त्याच जातीचं. तेव्हा सूचना आली की आधी एवढंच बघा, जुन्या लाइनीवर टोकाच्या अलीकडे गाडी कुठल्या स्टेशनातून परत फिरवणार आहेत. लोकमान्य नगरला राहणाऱ्याने त्या दिवशी ऑटो घरापासून धरायचा की मधल्या स्टेशनापासून, हे त्यावरून कळेल.